दारातून आत घेतले, पुढची वाट कोणी दाखवायची?

२०२५ च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाने एक पत्रक काढले. हा आयोग १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे अपत्य. कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना नोकरीत न्याय मिळावा म्हणून तो जन्माला आला. त्याच आयोगाने आता कंपन्यांना बजावले की, तुमच्याकडचे कर्मचाऱ्यांचे गट, मार्गदर्शनाचे कार्यक्रम, वरिष्ठांनी कनिष्ठांना पुढे आणण्याच्या योजना एखाद्या वंशापुरत्या राखून ठेवाल, तर तो भेदभाव समजला जाईल. त्याआधी दोनच महिने, २१ जानेवारी २०२५ रोजी, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जॉन्सन यांचा १९६५ चा आदेश रद्द केला होता. सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांनी डावललेल्या समाजांतील माणसे नोकरीत यावीत म्हणून जाणीवपूर्वक पावले उचलावीत, असे तो आदेश सांगत असे. साठ वर्षांची तरतूद एका सहीने गेली.

भरतीवर घाव घालणे समजू शकते. तो घाव नेहमीचाच आहे. 'गुणवत्ता' नावाचे हत्यार तिथेही तेच आणि इथेही तेच. पण एका माणसाने दुसऱ्याला काम शिकवावे, चार ओळखी करून द्याव्यात, यावर सरकारची नजर का पडावी? मला त्या पत्रकातली हीच ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली. नोकरीत शिरणे ही अर्धी लढाई असते. उरलेली अर्धी कशी जिंकतात, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खुर्च्या सांभाळल्या त्यांना पुरते ठाऊक असते.

इंग्रजीत त्याला मेंटॉर म्हणतात. आपल्या ऑफिसच्या भाषेत 'गॉडफादर'. मी १९८३ साली एका कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो. माझ्याबरोबर आणखी दोघे लागले. ते दोघे साहेबांच्या घरी गणपतीच्या आरतीला जात. टिपणी कशी लिहायची, कुठली फाईल कधी वर सरकवायची, कुठल्या अधिकाऱ्यासमोर काय बोलू नये, विभागीय परीक्षेला कोणते नियम पाठ करायचे, हे सगळे त्यांना चहा पिता पिता कळत गेले. मला कुणी वाईट बोलले नाही. जातीवरून शिवी दिली नाही. नुसते काही सांगितले नाही. गोपनीय अहवालात मात्र शेरा आला : 'पुढाकार घेत नाही.' पुढाकार कशात घ्यायचा असतो हेच ज्याला कुणी सांगितले नाही, त्याने तो घ्यायचा कुठून? त्या नियमांचे पुस्तक मला तीन वर्षांनी मिळाले, तेही आवक-जावक विभागातल्या आपल्याच समाजाच्या एका ज्येष्ठ लिपिकाकडून, वर्तमानपत्रात गुंडाळून.

म्हणून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी ही दुसरी अर्धी लढाई कशी लढवली, हे मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. त्यांचे आणि आपले नाते आजचे नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची माहिती मागवली होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावच मुळी त्यांच्याकडून घेतले. पण आपण त्यांच्याकडून मोर्चा घेतला, कविता घेतली. ऑफिसच्या चार भिंतींत त्यांनी काय केले, तिकडे आपले लक्ष गेले नाही.

त्यातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट झेरॉक्स कंपनीतली आहे. आपण गल्लीतल्या दुकानात ज्या कॉपीला 'झेरॉक्स' म्हणतो, ती मशिने बनवणारी हीच कंपनी. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टर नावाचे शहर आहे. कोडॅकही तिथलीच. शहर श्रीमंत, कारखाने भरभराटीला आलेले. पण दक्षिणेकडून पोट भरायला आलेल्या कृष्णवर्णीयांना त्या कारखान्यांत जागा जवळजवळ नव्हतीच. जुलै १९६४ मध्ये एका रस्त्यावरच्या नाचाच्या कार्यक्रमात पोलिसांनी एका तरुणाला पकडले आणि शहर पेटले. तीन दिवस दंगल. अखेर नॅशनल गार्डच्या तुकड्या उतरवाव्या लागल्या. त्यानंतर तिथल्या चर्चच्या मंडळींनी शिकागोहून सॉल अलिन्स्की या संघटकाला बोलावले आणि १९६५ मध्ये 'फाइट' नावाची संघटना उभी राहिली. अध्यक्ष होते फ्रँकलिन फ्लॉरेन्स हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक.

'फाइट'ने आधी कोडॅकला गाठले. डिसेंबर १९६६ मध्ये कंपनीच्या एका अधिकाऱ्याने सहाशे माणसे घेण्याच्या करारावर सही केली आणि दोनच दिवसांत कंपनीने 'त्याला तसा अधिकारच नव्हता' म्हणून हात झटकले. (आपल्याकडच्या आश्वासनांची आठवण कुणाला झाली तर त्याला माझा इलाज नाही.) मग 'फाइट'ची माणसे एप्रिल १९६७ मध्ये कोडॅकच्या भागधारकांच्या सभेलाच जाऊन धडकली. झेरॉक्सने मात्र वेगळा मार्ग धरला. तिचे प्रमुख जोसेफ विल्सन 'फाइट'शी बोलायला बसले, प्रशिक्षणाची योजना सुरू झाली. १९६८ मध्ये विल्सन आणि त्यांचे उत्तराधिकारी पीटर मॅकोलो यांनी कंपनीतल्या सर्व व्यवस्थापकांना पत्र पाठवले की, कृष्णवर्णीयांची भरती वाढवली पाहिजे. त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या मालकीचा 'फाइटॉन' हा कारखाना निघाला आणि त्याचा माल घेण्याची हमी झेरॉक्सने दिली. विल्सन उदार होते, हे मान्य. पण १९६४ चा जुलै घडला नसता तर ही उदारता कोणत्या वर्षी उगवली असती, एवढा प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

तर भरती झाली. नवे कृष्णवर्णीय पदवीधर टाय लावून, बॅग घेऊन झेरॉक्सची मशिने विकायला निघाले. आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

विक्रीच्या धंद्यात पगारापेक्षा कमिशन महत्त्वाचे. कमिशन अवलंबून कशावर? तुमच्या वाट्याला शहराचा कोणता भाग आला यावर. बँका, विमा कंपन्या, मोठी कार्यालये असलेला भाग ज्याला मिळाला त्याची मशिने फारशी खटपट न करता खपतात. ज्याला पडकी दुकाने आणि छोट्या वर्कशॉपची वस्ती मिळाली त्याने दिवसभर पायपीट केली तरी त्याचा आकडा कमीच. वर्षाअखेर दोघांचे आकडे शेजारी ठेवायचे आणि म्हणायचे, बघा, आम्ही संधी दिली होती, यांनाच जमले नाही! कागदावर कुठेही रंगाचा उल्लेख नाही. गावात विहीर सर्वांसाठी खुली म्हणायचे आणि दोर मात्र आपल्या घरी ठेवायचा, त्यातलाच हा प्रकार.

सॅन फ्रान्सिस्को भागातल्या कृष्णवर्णीय विक्रेत्यांनी हे ओळखले. साठचे दशक संपता संपता त्यांनी आपला गट बांधला. वॉशिंग्टन आणि इतर शहरांतही असे गट उभे राहिले. झेरॉक्सच्या इतिहासात त्यांना 'कॉकस' म्हणतात. ते युनियन नव्हते. कंपनीने काढलेले मंडळही नव्हते. कामाच्या वेळेबाहेर, स्वतःच्या खर्चाने ते जमत. आणि त्यांनी एकाच वेळी दोन कामे केली, म्हणून मला त्यांचे विशेष वाटते.

पहिले काम भांडणाचे. विभाग कसे वाटले जातात, बढत्या कुणाला मिळतात, याचा हिशेब त्यांनी कंपनीसमोर मांडला. ऐकले नाही तेव्हा १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विक्रेत्यांनी भेदभावाविरुद्ध कायद्याचा आधार घेतला. कंपनीला विभागांची वाटणी बदलावी लागली.

दुसरे काम शिकवण्याचे. गोरा नवशिका आपल्या मॅनेजरबरोबर जेवायला जाऊन जे शिकत होता, ते यांनी एकमेकांना शिकवले. मशीन ग्राहकाला कसे दाखवायचे, तो नाही म्हणाला तर काय बोलायचे, अहवाल कसा लिहायचा, कुठल्या वरिष्ठाचे कान कशाने टवकारतात, याचा सराव ते आपसात करत. आपल्यातला कुणी मागे पडला तर तो त्याचा एकट्याचा प्रश्न मानत नसत. भांडणाऱ्याचे काम कच्चे असेल तर मालक त्याच्या कामावर बोट ठेवून भांडणच मोडून काढतो, हे त्यांना कळले होते. आपल्या कर्मचारी संघटनांत भांडणारे पुष्कळ झाले. संध्याकाळी बसून नव्या पोराला टिपणी लिहायला शिकवणारे किती झाले?

या गटांनी कंपनीकडून आणखी एक गोष्ट करून घेतली, ती तर सोन्यासारखी आहे. झेरॉक्समध्ये जे वरच्या खुर्च्यांवर बसले होते ते कोणकोणत्या पायऱ्यांनी तिथे पोहोचले, याचा शोध घेतला गेला. तेव्हा दिसले की काही ठराविक जागा अशा असतात, की त्यांवरून गेल्याशिवाय माणूस वर जातच नाही. विक्री विभागातली पहिल्या पातळीवरची मॅनेजरची जागा ही त्यातली एक. मग किती कृष्णवर्णीय नोकरीत आहेत हे मोजणे पुरेसे नाही, या कळीच्या जागांवर किती आहेत ते मोजा, असा आग्रह सुरू झाला आणि कंपनीने त्या जागांसाठी उद्दिष्टे ठरवली. आपण अजून अनुशेषाचे एकूण आकडे मागत बसतो. कुणाला 'कार्यकारी' पद मिळते आणि कुणाला 'अकार्यकारी' कोपरा, याची यादी कुठल्या संघटनेकडे आहे?

१९६८ मध्ये शिकाऊ विक्रेता म्हणून लागलेले बॅरी रँड या घडामोडीतूनच वर आले. १९८६ मध्ये ते झेरॉक्सच्या अमेरिकेतल्या विपणन विभागाचे अध्यक्ष झाले आणि १९९९ मध्ये एव्हिस या गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीचे प्रमुख.

आणि मग अर्सुला बर्न्स. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या सरकारी चाळवजा इमारतींत वाढलेली मुलगी. आई पनामाहून आलेली, एकटीने तीन मुले वाढवणारी. वंचित विद्यार्थ्यांसाठीच्या राज्याच्या योजनेतून ती ब्रुकलिनच्या पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअर झाली, १९८० मध्ये उन्हाळी उमेदवारीसाठी झेरॉक्समध्ये आली आणि १९८१ मध्ये बाबासाहेबांच्याच कोलंबिया विद्यापीठातून तिने पदव्युत्तर पदवी घेतली. त्या शिक्षणाचा काही भार झेरॉक्सने उचलला.

१९८९ मध्ये कंपनीत एक बैठक झाली. कुणीतरी उठून विचारले की, या वैविध्याच्या धोरणामुळे कमी दर्जाची माणसे भरली जाणार नाहीत का? व्यासपीठावर वेलँड हिक्स हे बडे गोरे अधिकारी होते. त्यांनी शांतपणे, सभ्यपणे उत्तर दिले. बर्न्स संतापली. असल्या प्रश्नाला एवढ्या मानाने उत्तर देताच कसे, असे तिने भर सभेत हिक्सना सुनावले. आपल्याकडे एखाद्या मुलीने असे केले असते तर पुढच्या आठवड्यात तिची बदली कुठे झाली असती, ते वाचकांनी आपापल्या अनुभवाने ठरवावे. हिक्सनी तिला बोलावून घेतले. तुझा मुद्दा बरोबर आहे, तो मांडण्याची तऱ्हा तुला मागे खेचील, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मग भेटी होत राहिल्या आणि १९९० मध्ये त्यांनी तिला आपली कार्यकारी सहाय्यक केले. पद काही मोठे नव्हे. पण त्या खोलीत बसून निर्णय कसे होतात ते तिने पाहिले.

पुढे असेच घडले कंपनीचे प्रमुख पॉल अलेर यांच्या बाबतीत. दर महिन्याला बैठकीत भरती बंदीची घोषणा व्हायची आणि दर महिन्याला माणसे वाढायची. बर्न्सने सगळ्यांसमोर विचारले की, तुम्ही नको म्हणता आणि माणसे येतातच, तर मग खरोखर नको म्हणणारा आहे तरी कोण? १९९१ मध्ये अलेर यांनी तिला आपल्याकडे ओढून घेतले. झेरॉक्सच्या संचालक मंडळावर व्हर्नन जॉर्डन होते, नागरी हक्क चळवळीतून आलेले कृष्णवर्णीय वकील. त्यांनीही तिला अनेक वर्षे हाताशी धरले. जुलै २००९ मध्ये ती झेरॉक्सची प्रमुख झाली. अमेरिकेतल्या पाचशे मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखपदी बसलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

ही कथा सांगून टाळ्या घेणारे बरेच आहेत. बघा, हुशारी असली की रंग आडवा येत नाही, असे ते सांगतात. पण बर्न्सच्या आधी वीस वर्षे कॉकसवाल्यांनी जमीन नांगरली नसती, तर हिक्सना त्या मुलीचे बोलणे उद्धटपणाच वाटला असता. शिवाय २०१६ च्या अखेरीस तिने प्रमुखपद सोडल्यावर काय झाले? २०२१ मध्ये रोझलिंड ब्रुअर वॉलग्रीन्सच्या प्रमुख होईपर्यंत त्या पाचशे कंपन्यांत एकही कृष्णवर्णीय स्त्री कायमची प्रमुख म्हणून बसली नाही.

या विषयाचा सर्वांत खोल अभ्यास केला तो डेव्हिड थॉमस यांनी. ते स्वतः कृष्णवर्णीय, हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये प्राध्यापक होते. २०१८ मध्ये ते मोअरहाऊस कॉलेजचे, म्हणजे मार्टिन ल्युथर किंग ज्युनियर जिथे शिकले त्या कॉलेजचे, अध्यक्ष झाले. अमेरिकेतल्या तीन मोठ्या कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांच्या आयुष्याचा माग काढून जॉन गॅबॅरो यांच्यासह त्यांनी १९९९ मध्ये पुस्तक लिहिले. २००१ मध्ये त्याच धाग्यावर त्यांचा एक गाजलेला लेख आला. थॉमस यांना दिसले की, पुढे शिखरावर जाणारा गोरा उमेदवार नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतच वेगाने वर उचलला जातो. कृष्णवर्णीय किंवा आशियाई उमेदवार तितकाच लायक असूनही पहिल्या टप्प्यात रखडतो. त्याला पुन्हा पुन्हा स्वतःला सिद्ध करावे लागते आणि वेग येतो तो मधल्या टप्प्यानंतर. या रखडलेल्या वर्षांत कितीतरी हुशार माणसे खचतात, नोकरी सोडतात किंवा मान खाली घालून महिना भरतात.

मग टिकतात कोण? ज्यांच्या मार्गदर्शकाने नुसते काम शिकवले, ते मधल्या पायरीवर थांबले. ज्यांच्या मार्गदर्शकाने काम शिकवलेच, शिवाय पाठीशी उभे राहून, बैठकीत त्यांचे नाव घेऊन, चूक झाली तर ढाल होऊन नाते जोडले, ते वर गेले. आणि गोरा वरिष्ठ व कृष्णवर्णीय कनिष्ठ यांच्यात एक अडचण थॉमस यांनी नेमकी पकडली. दोघेही वंशाचा विषय टाळतात. वरिष्ठाला वाटते, बोललो तर हा दुखावेल. कनिष्ठाला वाटते, बोललो तर हा म्हणेल, याचे रडगाणे सुरू झाले. दोघेही सभ्य, दोघेही गप्प, आणि नाते वरवरचे राहते. इथे 'वंश' हा शब्द काढून 'जात' ठेवा आणि तुमच्या ऑफिसातला दुपारचा डबा आठवा.

कंपन्या यावर उपाय म्हणून काय करतात? एक दिवसाचे शिबिर. वक्ता येतो, पडद्यावर चित्रे दाखवतो, पूर्वग्रह सोडा म्हणतो, बिस्किटे खाऊन सगळे घरी. कॅलेव्ह, डॉबिन आणि केली या समाजशास्त्रज्ञांनी ७०८ खाजगी आस्थापनांची तीस वर्षांची माहिती तपासून २००६ मध्ये निष्कर्ष मांडला की, अशा शिबिरांनी वरच्या पदांवरची विषमता फारशी हलत नाही. मार्गदर्शनाच्या योजनांनी काही प्रमाणात हलते, आणि त्याचा लाभ कृष्णवर्णीय स्त्रियांना अधिक झालेला दिसला. सर्वांत जास्त फरक पडतो तो हे काम कुणाची तरी ठरलेली जबाबदारी केल्याने, आणि न झाल्यास त्याला जाब विचारल्याने. बाबासाहेबांनी उपदेशावर विसंबून न राहता घटनेत तरतुदी का लिहिल्या, हे ज्यांना कळते त्यांना या संशोधनाचे नवल वाटणार नाही.

आपल्याकडे कर्मचाऱ्यांची संघटना नव्हती असे नाही. पुण्यात नोकरी करताना पेटून उठलेल्या कांशीरामजींनी ६ डिसेंबर १९७८ रोजी बामसेफ उभी केली. नोकरदाराने समाजाचे ऋण फेडावे, बुद्धी, पैसा, वेळ द्यावा, हा तिचा विचार. तो मोठाच होता. पण त्याची दिशा ऑफिसातून वस्तीकडे होती. ऑफिसाच्या आत, शेजारच्या टेबलावर बसलेल्या आपल्या नव्या पोराचे काय, हा प्रश्न तसाच राहिला. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी खंत बोलून दाखवली ती आपण दरवर्षी भाषणात सांगतो, आणि सांगणारे साहेब आपल्या शाखेत आलेल्या समाजाच्या मुलाला ओळख दाखवत नाहीत, कारण इतरांना कळेल! त्यांच्या भीतीलाही कारण आहे, हे मी नाकारत नाही. २००७ मध्ये थोरात आणि ॲटवेल यांनी खाजगी कंपन्यांना एकसारख्या शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवून पाहिले, तेव्हा दलित आडनावाला बोलावणी कमी आली. आडनाव लपवणारा माणूस भित्रा असेल, पण तो उगीच भित्रा नाही.

मध्यंतरी ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला. पुण्यात संगणक कंपनीत आहे, तीन वर्षे झाली. बरोबरीची मुले टीम लीडर झाली, ही अजून चाचण्या घेते आहे. मी तिला अर्सुला बर्न्स आणि हिक्स यांचे प्रकरण सांगितले. ती म्हणाली, "काका, तिला बोलावून घेणारा साहेब तरी भेटला. मी बोलले तर मला कोण बोलावणार?" मला लगेच उत्तर सुचले नाही. मग कॉकसची गोष्ट सांगितली आणि म्हटले, तुझ्या कंपनीत आपली माणसे किती, ते आधी बघ. पंधरा दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. चौघे सापडले होते, त्यातल्या एकाने आडनाव बदललेले. रविवारी तिच्या खोलीवर भेटायचे ठरले होते. तिघे येतो म्हणाले, आडनाव बदललेल्याने विचारून सांगतो म्हटले. तिने त्याला पत्ता पाठवून ठेवला आहे.